रायफलचा लिव्हर अर्ध्यात अडकतो, आणि कंपनी म्हणते 'सर, छर्रे बदला'

वर्तकनगरी
५ जुलै, रात्री १०.५०

आधीच सांगून टाकतो, ही परवान्याची बंदूक नाही. ४.५ मिमीची एअर रायफल आहे. साइड लिव्हर, दहा छर्ऱ्यांचं फिरतं मॅगझिन, बॅरलखाली हवेची टाकी, हातपंपाने २०० बारपर्यंत भरायची. देशी कंपनीची. नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. फेब्रुवारीत ३८ हजारांना घेतली, बोनसमधून. गाडीचा इन्शुरन्सही त्याच महिन्यात भरायचा होता हे घरी आत्ता कुठे उघडकीला आलंय, त्यामुळे रायफल नीट चालणं ही माझी कौटुंबिक गरजही आहे.

लिव्हर मागे ओढला की हॅमर चढतो आणि मॅगझिन एक घर फिरतं. पुढे ढकलला की प्रोब, म्हणजे ती बारीक दांडी, घरातला छर्रा पुढे नेऊन बॅरलमध्ये बसवते. काम एवढंच. पहिले दोन-अडीच महिने लोण्यासारखं चाललं. मेपासून मध्येच एखाद्या छर्ऱ्याला लिव्हर पुढे जाताना कच्चकन अडतो. जोर लावला तर जातो, पण मग भोक भलतीकडेच पडतं. एकदा जोर न लावता मागे घेऊन परत ढकलला, तर एकामागे एक दोन छर्रे आत गेले. मॅगझिन काढून टॉर्च मारला तर खाचेत शिशाचा कीस. भुगा नाही, नखं कापल्यावर पडतात तशा बारीक चंद्रकोरी.

कस्टमर केअरला आतापर्यंत आठ फोन. पहिल्यांदा 'सर, छर्रे बदला'. बदलले. दुसऱ्यांदा फोनवर दुसरी मुलगी. 'सर, कोणते छर्रे वापरता?' सांगितलं. 'सर, ते बदला.' असे तीन डबे झाले. चपट्या डोक्याचे, गोल डोक्याचे, एका डब्यावर ४.५२ छापलेलं, एकावर ४.५०. फरक शून्य. दर वेळी तिकीट नंबर मिळतो आणि दोन दिवसांनी मेसेज येतो, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे'. कोणी सोडवली, कुठे सोडवली, मला का नाही बोलावलं?

कोणाला असा अनुभव?

कोपरीचा_काका
५ जुलै, रात्री ११.१५

अवांतर विचारतो. आमच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय. ही चालेल का?

जुना_नेमबाज
५ जुलै, रात्री ११.३२

काका, नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६०पासून कायदा आहे, आणि सोसायटीत छर्रा कुठे उसळेल ते सांगता येत नाही. जाळी लावा.

वर्तकनगरी, चार गोष्टी सांगा. मॅगझिन एकच आहे की दोन? दोन असतील तर दोन्हीत अडतं का? अडतं ते दर वेळी त्याच घरात की घर बदलतं? आणि एकेक छर्रा ठेवायचा ट्रे मिळाला असेल, त्यावर अडतं का? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. फोनमध्ये नको, वहीत. बोटांना शिसं लागलेलं असतं, त्या बोटांनी स्क्रीन धरणार, मग तोच हात वड्याला.

एनसीसीत आमच्या हातात .२२ ची बोल्ट रायफल असायची. दर गोळीला बोल्ट उघडा, ओढा, ढकला, बंद करा. अडली की उस्ताद एकच प्रश्न विचारायचे, 'कितवी गोळी?' माहीत नाही म्हटलं की मैदानाला फेरी. तेव्हा राग यायचा. पण तो प्रश्न बरोबर होता. पहिलीच अडते तेव्हा कारण वेगळं असतं, तिसावी अडते तेव्हा वेगळं.

मुंब्र्याचा_बंटी
६ जुलै, सकाळी ८.०५

शिलाई मशीनचं तेल सोड दोन थेंब. माझ्या जुन्या स्प्रिंगवाल्या बंदुकीत तेच घालतो. मक्खन.

लेथवाला_वागळे
६ जुलै, सकाळी ९.४०

बंटी, तुझी स्प्रिंगची आहे म्हणून हात शाबूत आहेत. इथे २०० बारची हवा आहे. एवढ्या दाबाच्या हवेत खनिज तेल गेलं की डिझेल इंजिनात होतं तेच होतं, ठिणगी न लागता पेटतं. तसं पाहिलं तर तुझ्या स्प्रिंगवालीतही पिस्टनपुढे तेल गेलं की 'ठप्प' आवाज वाढतो आणि धूर येतो, त्यालाच तू मक्खन म्हणतोस. वर्तकनगरी, हवेच्या वाटेवर फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही ओ-रिंगवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीवर, बोटाने पुसल्याएवढं. गंज काढायचा स्प्रे तर तिथे फिरकूही देऊ नका.

माझं वागळे इस्टेटला लेथचं वर्कशॉप आहे, बंदुकीचा धंदा नाही. पण चंद्रकोर वाचून एवढं सांगतो, छर्रा कुठल्या तरी कडेवर घासून सोलला जातोय. एक करा. छर्ऱ्याच्या घेरावर मार्करने काळी रेघ मारा, मॅगझिनमध्ये रेघ वर येईल असा ठेवा, लिव्हर अगदी हळू ढकला आणि अडला की थांबा. तो छर्रा काढून बघा कुठे सोललाय. दर वेळी एकाच बाजूला सोलला तर काहीतरी सरळ रेषेत नाही. कुठेही सोलला तर छर्रा वाटेत डुलतोय.

आणि दोन छर्रे आत गेले की जोर करू नका. तोंड सुरक्षित दिशेला, मॅगझिन बाहेर, टाकीची हवा सोडा, मग रॉडने काढा. बॅरलमध्ये पुढून डोकावणारे लोक मी पाहिलेत, म्हणून लिहितोय.

नेरुळची_आई
६ जुलै, दुपारी २.२०

वाचतेय. माझी मुलगी १० मीटर मारते, मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, त्यात मॅगझिनचा प्रश्नच नसतो. एकेक छर्रा बोटाने ठेवायचा, ६० वेळा. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, सोललेला छर्रा तिथे चालतच नाही. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत नेमबाज सुमा शिरूर यांची रेंज आहे, तिथे एका स्पर्धेला गेलो होतो तेव्हा शेजारचा मुलगा प्रत्येक छर्रा उजेडात फिरवून मगच ठेवत होता. मला आधी तो दिखावा वाटला होता.

सर्व्हिसबद्दल माझा अनुभव एवढाच की फोन करूच नका. फोनवरचं माणूस कागदावरची तीन वाक्यं वाचतं. मेल करा, सीरियल नंबरचा फोटो, बिलाचा फोटो, आणि अडताना काढलेला व्हिडिओ. आमची टाकी तपासायला पाठवायची होती तेव्हा तेच कामी आलं. (मॅच रायफलच्या ॲल्युमिनियमच्या टाक्यांवर तारीख असते, साधारण १० वर्षं. मोठ्या स्पर्धेत ती तपासतात. सेकंडहँड घेणाऱ्यांनी आधी तारीख बघावी, मग रंग.)

आणि पावसाळ्यात हातपंप जपून. ठाण्या-नेरुळच्या हवेत जुलैमध्ये जे पाणी असतं ते सगळं पंप दाबून टाकीत भरतो. सिलिका जेलचे दाणे गुलाबी झाले की बदला, पन्नास-साठ दट्ट्यांनी थांबा, पंप गार होऊ द्या.

वर्तकनगरी
१३ जुलै, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. वही घातली. हिशेब असा.

मॅगझिन 'अ', शंभर छर्रे, १३ अडले. घरं वेगवेगळी, दुसऱ्यात, सातव्यात, दहाव्यात, काही नेम नाही. मॅगझिन 'ब', शंभर छर्रे, ११ अडले. तसंच. ट्रेवर पन्नास छर्रे, एकही नाही. मार्करची रेघ पाहिली, छर्रा कधी उजवीकडे सोलला, कधी खाली, एकदा वर.

म्हणजे मॅगझिनच ना? दोन्ही मॅगझिनं एकाच लॉटची असणार. कंपनीला मेल टाकलाय, वहीच्या पानाच्या फोटोसकट.

लेथवाला_वागळे
१३ जुलै, रात्री ९.३५

दोन्ही मॅगझिनं सारखीच वाईट निघतील हे मला पटत नाही. पण ट्रेवर अडत नाही म्हणता, तर असेलही. बघू काय उत्तर येतं.

वर्तकनगरी
१९ जुलै, संध्याकाळी ७.४५

उत्तर आलं. 'रायफल सर्व्हिस सेंटरला पाठवावी, वाहतूक खर्च ग्राहकाचा.' पाचपाखाडीला कुरियरच्या काउंटरवर गेलो. पोराने विचारलं, 'यात काय आहे?' म्हटलं एअर रायफल. त्याने पार्सलवरचा हात असा काढला जणू तवा होता. 'साहेब, बंदूक आम्ही घेत नाही.' मी टाकी रिकामी आहे, परवाना लागत नाही, सगळं सांगितलं. त्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने मला खालून वर पाहिलं. दुसरीकडे गेलो, त्यांनी घेतली असती, पण वजनाचे, लांबीचे आणि 'विशेष हाताळणी'चे मिळून जे सांगितले त्यात मी स्वतः रायफल घेऊन स्लीपरने जाऊन आलो असतो.

पावती_जपा
१९ जुलै, रात्री ८.३०

थांबा, आपल्या खर्चाने पाठवू नका. वॉरंटीची रायफल आहे ना? वॉरंटी कार्डावर वाहतूक खर्चाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. नसेल लिहिलेलं, तर मेलमध्ये तेच विचारा, 'कोणत्या अटीनुसार?' असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला कस्टमर केअरवाल्याला कोणाला तरी विचारावं लागतं, आणि तिथून फाइल हलते.

मग १९१५ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात. हा खटला नव्हे, कोर्टही नव्हे, पण कंपनीत ती ज्याच्या टेबलावर जाते तो 'सर, छर्रे बदला'वाला नसतो.

तरीही नाही हललं तर ग्राहक आयोग. २०१९चा कायदा २० जुलै २०२०पासून लागू आहे, आणि त्यात आपल्या कामाची गोष्ट अशी की तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते. कंपनी कुठल्या राज्यात आहे याचा संबंध नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं, ती मात्र विसरू नका. पण ३८ हजारांसाठी आयोग हा शेवटचा डाव. मी दोनदा गेलोय, एकदा फ्रिजसाठी, एकदा टूर कंपनीसाठी. दोन्ही जिंकलो, आणि दोन्ही वेळा निकाल येईपर्यंत मला तो राग आठवेनासा झाला होता.

वर्तकनगरी
१९ जुलै, रात्री ८.५०

वॉरंटी कार्डावर वाहतुकीबद्दल एक अक्षर नाही. बॅरलच्या स्क्रूवरचा स्टिकर फाटला तर वॉरंटी रद्द, हे मात्र तीन ठिकाणी आहे.

वर्तकनगरी
९ ऑगस्ट, रात्री १०.०५

१९१५ला तक्रार नोंदवली, चौथ्या दिवशी कंपनीतून फोन. आवाज नवा, नम्र. नवीन मॅगझिन पाठवतो म्हणाले आणि खरंच पाठवलं, काल आलं. आज क्लबात नेलं. पन्नास छर्रे, सहा अडले.

मला आता काही सुचत नाही. उभ्या-उभ्या वाटलं की खाडीत टाकावी.

जुना_नेमबाज
९ ऑगस्ट, रात्री १०.२२

खाडीत नको, तिथे आधीच बरंच काही आहे.

मला एक सांगा. ट्रेवरचे ते पन्नास छर्रे अडले नाहीत हे तुम्ही लिहिलंत. ते लागले कुठे, हे लिहिलं नाही.

वर्तकनगरी
९ ऑगस्ट, रात्री १०.३०

खाली. २५ मीटरला तीनेक सेंटीमीटर खाली, सगळे. मला वाटलं माझाच हात, किंवा दुर्बीण हलली. मी दुर्बिणीची घुंडी फिरवून दोन क्लिक वर घेतल्या... म्हणजे बऱ्याच क्लिक.

जुना_नेमबाज
९ ऑगस्ट, रात्री १०.४८

बऱ्याच क्लिक! वर्तकनगरी, हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं. मी विचारायला हवं होतं, हेही खरं.

मार्चमध्ये याच दुर्बिणीवर याच अंतरावर मधोमध लागत होतं ना? मग ट्रेवरून, मॅगझिनशिवाय, छर्रा खाली जातोय याचा अर्थ तो हळू चाललाय. मॅगझिन वेग कमी करत नाही. दोन दुखणी आहेत असं आपण धरून चाललो, मला वाटतं एकच आहे. क्लबात क्रोनोग्राफ असेल तर वेग मोजा. टाकी भरलेली ठेवून.

वर्तकनगरी
१० ऑगस्ट, दुपारी १.१५

रेंजवरूनच लिहितोय. कंपनीच्या टेस्ट कार्डावर सेकंदाला २५० मीटर. आज दहा छर्ऱ्यांचा सरासरी वेग २०५. एक तर १९१.

जुना_नेमबाज
१० ऑगस्ट, दुपारी १.४०

०.५४ ग्रॅमचा छर्रा २५०ने गेला तर साधारण १७ ज्यूल. २०१६च्या शस्त्र नियमांतल्या २० ज्यूलच्या मर्यादेत, म्हणूनच परवान्याविना मिळाली. २०५ला तो ११ ज्यूलवर येतो. एक तृतीयांश जोर कुठेतरी वाटेत गळतोय. लेथवाले, आता तुमचं काम.

लेथवाला_वागळे
१० ऑगस्ट, दुपारी २.०५

बॅरल. बॅरल पुढे सरकलीय. मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, चंद्रकोरीत अडकून बसलो.

वर्तकनगरी, स्टिकरला हात लावू नका. हवा सोडा, मॅगझिन बसवा, लिव्हर मागे ठेवा, आणि मॅगझिन नि बॅरलचं तोंड यांच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड जातं का बघा.

वर्तकनगरी
१० ऑगस्ट, दुपारी २.२०

दोन जातात.

लेथवाला_वागळे
१० ऑगस्ट, दुपारी २.२२

इकडे या. रविवार आहे, मी वर्कशॉपलाच आहे. फिलर गेज, फट मोजायच्या पट्ट्या, काढून ठेवतो.

लेथवाला_वागळे
१० ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

आले, मोजलं, चहा झाला. फट ०.६ मिमी. इतरांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

या रायफलची बॅरल पुढच्या ब्लॉकमध्ये आट्यांनी नाही, बाजूच्या ग्रब स्क्रूंनी, म्हणजे बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूंनी, धरलेली आहे. स्क्रू सैल झाले की बॅरल केसभर पुढे येते. मग छर्रा मॅगझिनच्या घरातून सुटतो आणि बॅरलच्या तोंडापर्यंत पोहोचेपर्यंत क्षणभर त्याला कशाचाच आधार नसतो. त्या फटीत तो मान टाकतो, कधी उजवीकडे, कधी खाली, आणि बॅरलच्या कडेवर सोलला जातो. म्हणून घरं वेगवेगळी, बाजू वेगवेगळी. ट्रेला पुढे लांब पन्हळ आहे, ती फट झाकते, म्हणून तिथे अडत नाही. आपण ट्रेवर विश्वास ठेवला आणि फसलो.

आणि वेग. बॅरलला खालून एक भोक असतं, टाकीतली हवा व्हॉल्व्हमधून तिथून छर्ऱ्याच्या मागे येते. बॅरल सरकली की ते भोक खालच्या वाटेवर नीट बसत नाही, थोडं झाकलं जातं. शिवाय प्रोबची ओ-रिंग जिथे बसायची तिथे न बसता कडेवर चिरडते. आम्ही भिंगाखाली पाहिली, तिला एका बाजूने चावा घेतल्यासारखी खाच आहे. अर्धी हवा तिथूनच जात असणार.

सैल का झाले? कारखान्यात स्क्रूवर लॉकिंग द्रव लावलाय की नाही हे स्टिकर काढल्याशिवाय दिसणार नाही. पण मी विचारलं, बॅगेत ठेवताना रायफल कुठे धरता? त्यांनी धरून दाखवली. बॅरलच्या टोकाला. मी काही बोललो नाही, पण आता इथे लिहिलं.

पावती_जपा
१० ऑगस्ट, संध्याकाळी ७.०५

उत्तम. आता स्क्रू पिळू नका. फटीत फिलर गेज घातलेला फोटो, ०.६ आकडा दिसेल असा, वेगाचा फोटो, टेस्ट कार्ड, आणि एकच वाक्य लिहा, 'स्क्रू घट्ट करण्याची लेखी परवानगी द्या, अथवा आपल्या खर्चाने रायफल घेऊन जा.' दोनच पर्याय द्या. तिसरा त्यांना सुचू देऊ नका.

वर्तकनगरी
१७ ऑगस्ट, रात्री ९.३०

परवा कंपनीतून व्हिडिओ कॉल. या वेळी कस्टमर केअर नाही, सर्व्हिसचे इंजिनिअर. आवाजावरून पन्नाशीचे, मागे ग्राइंडरचा आवाज. मी फोटो दाखवले, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, 'हे आधी का नाही पाठवलंत?' मी म्हटलं, वही जुलैपासून तीन वेळा पाठवलीय. ते गप्प. मग म्हणाले, 'आमच्यापर्यंत फक्त छर्रे अडतात एवढंच येतं हो.' मला एकदम त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. ते मधे, फोनवाली मुलगी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि वही कुठेतरी अडकलेली. दोन छर्रे एकामागे एक.

संध्याकाळी मेल आला, 'ग्राहकाने खालील पद्धतीने स्क्रू घट्ट करावेत, वॉरंटी अबाधित राहील.' आज वर्कशॉपला जाऊन केलं. टाकी रिकामी, बॅरल मागे पूर्ण टेकवली, स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून. लॉकिंग द्रवाचा थेंब कुठेच नव्हता, सगळे कोरडे ठणठणीत. आम्ही निळा लावला, कधी तरी परत सोडवावे लागले तर सुटतील असा.

२४० छर्रे झाले. एकही अडला नाही. वेग २४३, नवी ओ-रिंग आली की आणखी चढेल असं लेथवाले म्हणतात. दुर्बीण परत खाली आणताना क्लिक मोजल्या. ३४. माझा हात तेवढा वाईट नव्हता.

ओ-रिंग मात्र आलेली नाही. आज मेसेज आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

नेरुळची_आई
१७ ऑगस्ट, रात्री ९.४५

बॅरलला धरू नका हो आता. बॅगेत ठेवताना दस्त्याला धरायची, आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात.

लेथवाला_वागळे
१७ ऑगस्ट, रात्री १०.००

तारे नकोत, ओ-रिंग पाठवा म्हणावं. नाही आली तर माप माझ्याकडे लिहून ठेवलंय, मस्जिद बंदरला मिळेल. शंभराचं पाकीट घ्यावं लागेल एवढंच.

कोपरीचा_काका
१७ ऑगस्ट, रात्री १०.२०

जाळी लावली. १८०० झाले. कबुतरं आता शेजाऱ्याकडे. तो या धाग्यावर नाही ना?